शहर रोजचेच, नजर मात्र आपली

संध्याकाळी रायपूरच्या जयस्तंभ चौकात उभे राहिले, की फोटो काढण्यासारखे किती तरी दिसते. स्कूटरवर मागे बसून भलामोठा आरसा सांभाळणारा माणूस, दुकानाची पाटी पुसणारा नोकर, दप्तरे सावरत घरी परतणारी मुले. हौशी छायाचित्रकार भराभर पन्नास फोटो काढतो आणि घरी येऊन पाहतो, तर प्रत्येक फोटोत नुसती गर्दी! मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. खरी अडचण वेगळीच असते. या गर्दीतले नेमके काय दाखवायचे, हे त्याचे ठरलेलेच नसते.

रस्त्यावरचे जीवन कोणतीही मांडणी न करता टिपणे म्हणजे स्ट्रीट फोटोग्राफी. त्यात स्वतःची वाट कशी सापडते?

एक मुंबई, दोन नजरा

जयपूरच्या रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांना १९६६ मध्ये आपल्याच शहरात प्रख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहायला मिळाले. ब्रेसाँ यांची ओळख कृष्णधवल चित्रांची. सिंग यांनी त्यांच्यापासून स्फूर्ती घेतली, पण नक्कल केली नाही. भारत रंगांतूनच दाखवला पाहिजे, या विश्वासाने ते आयुष्यभर रंगीत फिल्म वापरत राहिले. मुंबईवरील त्यांच्या १९९४ च्या पुस्तकात काचा आणि आरसे यांतून दुकान आणि रस्ता एकाच चित्रात भेटतात.

अकोल्यात जन्मलेले वृत्तछायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी त्याच मुंबईत वेगळे काही पाहिले. शहराचा कचरा आणि गटारे साफ करणारे सफाई कामगार त्यांनी कृष्णधवल चित्रांतून लोकांसमोर आणले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शहर एकच, पण एकाला रस्त्याचे रंग खुणावत होते, तर दुसऱ्याला तो रस्ता झाडणारा माणूस.

सुरुवात कोठून करावी?

सगळे शहर पालथे घालू नका. गोल बाजार, बूढा तालाब किंवा मराठी घरांची जुनी ओळख असलेला तात्यापारा, यांपैकी एकच जागा निवडून महिनाभर तेथेच जा. पहिल्या दिवशी दुकानदार रोखून पाहतील, आठवड्याने हसतील, नंतर विसरून जातील. खरे फोटो तेव्हाच मिळू लागतात. झूम टाळा, चार पावले पुढे जा. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाने चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात, म्हणून सकाळ किंवा उतरती दुपार बरी.

पोळ्याचेच पाहा. छत्तीसगढमध्ये पोळ्याला मुलांसाठी मातीचे बैल आणि मुलींसाठी मातीची जाती-भांडी विकायला येतात. बैलांच्या रांगेचा फोटो कोणीही काढील. तुमची नजर विकणारीच्या मातकट बोटांवर जाते, की हट्ट करणाऱ्या मुलावर, की पैसे मोजणाऱ्या आईवर? तुमची वाट तेथूनच सुरू होते.

शिवाय १ नोव्हेंबर २००० रोजी राजधानी झाल्यापासून रायपूर झपाट्याने बदलले आहे. आज टिपलेले जुने दुकान उद्या फोटोतच उरेल.

समोरचाही माणूसच

सकाळी कामाच्या आशेने चावडीवर उभ्या असलेल्या मजुराचा फोटो सहज मिळतो. पण त्याची गरज ही आपली सोय होऊ नये. नजरेने का होईना, परवानगी मागा. त्याने हात आडवा केला, तर कॅमेरा खाली घ्या. आधीच काढलेला फोटो नको म्हटले, तर त्याच्यासमोर पुसून टाका. लहान मुलांसाठी आईवडिलांना विचारा. रडणाऱ्या, झोपलेल्या किंवा नशेत पडलेल्या माणसाचे चित्र समाजमाध्यमावर टाकू नका. हा चेहरा आपल्या घरातल्या कोणाचा असता, तर चालले असते का, एवढा प्रश्न पुरेसा आहे. शक्य झाल्यास छापलेली एक प्रत त्या माणसाला नेऊन द्या. पुढच्या वेळी तोच तुम्हाला हाक मारील.

महिन्याच्या शेवटी शेकडो फोटोंतून दहाच निवडा, छापून घ्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडा. त्यांत पुन्हा पुन्हा काय येते, हे घरच्यांना विचारा. कदाचित हात, कदाचित उंबरठे, कदाचित एकटी बसलेली म्हातारी माणसे. पुढचा महिना त्याच्याच मागे जा.