चुकण्याचा प्रश्न

एप्रिल २०२४ मध्ये मनाचे तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट गेले. ऑक्टोबरात जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना कृत्रिम चेताजालांवरच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. तेव्हापासून यंत्रांच्या ‘अंतर्गत प्रतिरूपां’बद्दल, म्हणजे त्यांच्या आत जग कसं मांडलं जातं याबद्दल, जे छापून येतंय, ते वाचून जीव कासावीस होतो. आकड्यांच्या जंजाळात कुत्र्याच्या फोटोंशी जुळणारा एखादा आकृतिबंध सापडला, की यंत्राला कुत्रा कळला म्हणून मोकळे!

प्रतिरूपांची चर्चा तशी जुनी. उंदरांच्या डोक्यात नकाशा असतो, हे मानसशास्त्रज्ञ टोलमननं १९४८ मध्ये मांडलं. १९७५ मध्ये तत्त्वज्ञ जेरी फोडरनं विचारांची स्वतंत्र भाषा असते, असं मांडलं. मधल्या वर्षांत मला रस नाही. मनातली प्रतिमा चित्रासारखी की वाक्यासारखी, हा कोस्लिन आणि पिलिशिन या संशोधकांचा वाद तर अकारण लांबला.

माझं दशक ऐंशीचं. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी तेव्हा एकाच प्रश्नाने झपाटलो होतो: मनातलं प्रतिरूप चुकतं म्हणजे नेमकं काय होतं? धूर आगीची खूण असतो. पण धूर खोटं बोलत नाही. मन बोलतं. अंधारात गाय पाहून घोडा समजतं. तत्त्वज्ञ रूथ मिलिकन यांनी १९८४ मध्ये उत्तर उत्क्रांतीत शोधलं: प्रतिरूप कशाचं, हे ते वापरणाऱ्या यंत्रणेचं काम कशामुळे साधत आलं यावरून ठरतं. फ्रेड ड्रेट्स्कींनी १९८६ मध्ये जिवाणूंचं उदाहरण दिलं. उत्तर गोलार्धातले काही जिवाणू अंगातल्या चुंबककणांच्या आधाराने खाली, प्राणवायू कमी असलेल्या पाण्याकडे जातात. जवळ उलटं चुंबक धरलं तर तेच कण त्यांना वर, मरणाकडे नेतात. इथे जिवाणू चुकला का? कणांनी भोवतालच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवली म्हणावं, तर मुळीच नाही. सुरक्षित पाणी दाखवलं म्हणावं, तर चुकला. यावर आम्ही रात्र रात्र भांडायचो. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ याला शब्दच्छल म्हणत. मला ते आजही पटत नाही.

मग १९८८ मध्ये फोडर आणि पिलिशिन यांनी चेताजालवाद्यांवर, म्हणजे मन हे चेतापेशींसारख्या जाळ्यांतून समजावणाऱ्यांवर, तोफ डागली आणि सगळी चर्चा मनाच्या रचनेवर घसरली. युक्तिवाद धारदार होता, पण त्याने आमचा प्रश्न अडगळीत टाकला. १९९१ मध्ये यंत्रमानव बनवणाऱ्या रॉडनी ब्रुक्सनी प्रतिरूपाविना बुद्धिमत्ता शक्य आहे म्हटलं. निदान त्यांचे यंत्रमानव खोलीत फिरून दाखवत होते.

आज आकृतिबंध शोधणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: तो तुम्हाला वाचता आला, ठीक, यंत्र स्वतः त्याचा वापर कशासाठी करतं? आणि कुत्र्याऐवजी कोल्हा समोर आला, तर ती चूक यंत्राची की फोटोवर नाव लिहिणाऱ्याची?