हाडांतला गादीवाफा

पावसाळ्यात घरात तापाची साथ शिरली म्हणजे नातू चार दिवसांत उठून शाळेला पळतो आणि आजी पंधरवडाभर बाजेवरून उठत नाही. 'वय झालं, चालायचंच' असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या आईच्या बाबतीत मीही तसेच म्हणालो होतो. पण वय होते म्हणजे शरीरात काय होते?

हाडे म्हणजे वाळलेल्या काठ्या नव्हेत. त्यांच्या आत मगज असतो. शास्त्रात त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तांबड्या पेशी आणि रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी इथेच, थोड्याशा मूळपेशींपासून जन्म घेतात. लहान मुलाच्या जवळजवळ सगळ्या हाडांत हा मगज लाल असतो. मोठेपणी तो मुख्यतः कणा, बरगड्या, कंबर अशा ठिकाणी उरतो, बाकी जागा पिवळी चरबी घेते. मटणातली नळी फोडून खाणारांना ही चरबी ठाऊक आहेच!

आता शेतातला दाखला घ्या. कृषी विद्यापीठातून मिरचीचे उत्तम बी आणले, पण गादीवाफ्यात खत नाही की ओल नाही, तर रोप कसले येणार? मूळपेशी हे बी आणि भोवतालच्या आधारपेशी हा वाफा. त्या मूळपेशींना जागेवर धरतात, खाणेपिणे व निरोप पुरवतात. उतारवयात आधारपेशींच्या घराण्यात हाड बांधणाऱ्या पेशी कमी आणि चरबीच्या जास्त निपजतात. निरोपही बिघडतात. गंमत अशी, की मूळपेशींची संख्या म्हातारपणी घटत नाही, उलट वाढते. उतरतो तो कस. मग जंतूंची ओळख ठेवणाऱ्या नव्या पेशी कमी तयार होतात. त्यांतल्या एका जातीचे शिक्षण छातीतल्या थायमस ग्रंथीत होते, आणि ती शाळा तर माणूस वयात आल्यापासूनच ओस पडू लागते. म्हणून जुन्या दुखण्यांची ओळख असलेल्या वृद्धाला नवा जंतू जड जातो. २०२० साली करोनात आपण ते पाहिलेच.

मग वाफाच सुधारला तर? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच उंदरांवर तपासले. तरुण आधारपेशी सूक्ष्म पिशव्या सोडतात. त्यांत पेशीने आपला केरकचरा साफ करावा असे निरोप असतात. त्या म्हाताऱ्या मूळपेशींना मिळताच त्या पुन्हा कामाला लागल्या. हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. पण लक्षात घ्या, हे उंदरांतले काम आहे. बाजारात कुणी 'मज्जा वाढवणारे' टॉनिक विकत असेल तर पैसा खिशातच ठेवा.

आईची हकीकत सांगायची राहिली. तिला ताप चढलाच नव्हता. ती फक्त जेवेनाशी झाली, गुंगीत बोलू लागली, श्वास भराभर चालू लागला. वृद्धांत निमोनिया असा मुकाट्याने येतो, हे मला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात कळले. ती वाचली, पण दोन दिवस आम्ही नुसते कपाळाला हात लावून 'ताप नाही' म्हणत बसलो होतो.