ट्रॅक्टरचा धूर, युरियाचं पोतं आणि पेटलेलं पाचट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा म्हटलेलं तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. पलूस तालुक्यातले गृहस्थ आहेत, आडसाली ऊस करतात, त्यानंतर खोडवा राखतात. त्यांनी आवाजातच निरोप पाठवला. ते म्हणतात, "टीव्हीवर सांगत्यात शेतीच्या यंत्रांमुळं हवामान बिघडतंय. मग आम्ही काय ट्रॅक्टर विकून परत बैलं धरायची का? आणि धरली तर फरक किती पडंल, ते आकड्यात सांगा. भाषण नको."

भाषण नको म्हणालेत, म्हणून थेट आकड्यांनीच सुरू करतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण प्रश्न पलूसहून आलाय. त्याच तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला. त्यांचं गाजलेलं उत्पादन होतं लोखंडी नांगर. असं सांगतात, की सुरुवातीला तो कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे. आपण आज त्यावर हसतो. मीही हसायचो. पण "हे अवजार माझ्या मातीला काय करणार?" हा त्यांचा मूळ प्रश्न अजिबात चुकीचा नव्हता. उत्तर चुकलं, प्रश्न बरोबर होता. आज आपण तो प्रश्न विचारायचंच सोडून दिलंय. ट्रॅक्टरवाल्याला फोन करायचा, एकरी दर विचारायचा आणि कधी येतो ते विचारायचं, एवढंच उरलंय.

आता हिशेब. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर डिझेलचं वजन किलोपेक्षा कमी असतं, मग त्यातून पावणेतीन किलो कसा, असं कुणी विचारतं. जळताना डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, ते वजन त्यात येतं. उसाच्या लागणीआधी आपण काय काय करतो? पलटी नांगर, पुन्हा एकदा उभी-आडवी पाळी, मग रोटर, मग सरी. या सगळ्याला मिळून एकरी ३० लिटर डिझेल धरू. तुमची जमीन हलकी असेल तर कमी लागेल. काळी, चिकट असेल आणि ड्रायव्हर घाईत असेल तर जास्त लागेल. ३० लिटर म्हणजे झाला ८० किलो कार्बन डायऑक्साइड.

हा ८० चा आकडा लक्षात ठेवा. पुढं त्याच्याशी तुलना करायची आहे.

आधी बैलांचं बघू. बैल डिझेल पीत नाही हे खरं, पण रवंथ करतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो आणि तो ढेकरातून बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय हिशेबात आपल्याकडच्या एका बैलामागं वर्षाला साधारण २५ ते ४५ किलो मिथेन धरतात. शंभर वर्षांच्या मोजमापात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवणारा वायू आहे. म्हणजे एक बैलजोडी वर्षाला कमीत कमी ५०० लिटर डिझेल जाळल्याइतकी उष्णता हवेत ठेवते, मग ती रानात कामाला असो की दावणीला नुसती बसून असो. बैलाचं शेण, त्याचं शेणखत, त्याचं हलकं पाऊल, हे सगळं जमेच्या बाजूला आहेच, आणि मी बैलाच्या विरोधात नाही. पण बैल आणले की हवामान सुधारलं, असा सरळ हिशेब नाही.

मग ट्रॅक्टर निर्दोष का? तसंही नाही. ट्रॅक्टरचा धूर डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्यालाच धरून बसतो. खरी भानगड ट्रॅक्टरच्या मागं, मातीत होते आणि ती दिसत नाही.

माती परीक्षणाचा कागद काढा. त्यावर "सेंद्रिय कर्ब" असा एक रकाना असतो. आपण नत्र, स्फुरद, पालाश बघतो आणि कागद घडी करून ठेवतो. एक एकर रानातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन असतं साधारण ९ लाख किलो. समजा तुमचा सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के होता आणि काही वर्षांत ०.५ वर आला. कागदावर फरक किती? ०.१. पण ९ लाख किलोचा ०.१ टक्का म्हणजे ९०० किलो कार्बन, आणि तो हवेत गेला की होतो सव्वातीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आपला ८० किलोचा आकडा घ्या. ही चाळीस लागणींच्या मशागतीच्या डिझेलची बेरीज झाली. आजोबांपासून नातवापर्यंत जेवढा धूर निघेल तेवढा, त्या एका दशांशात.

हा कर्ब जातो कुठं? चुलीत राखेखाली निखारा झाकून ठेवला की तो रात्रभर टिकतो, आणि उकरून फुंकर घातली की दहा मिनिटांत संपतो. मातीतही तेच. सेंद्रिय पदार्थ मातीच्या बारीक रवाळ कणांच्या आत दडलेला असतो, जिवाणूंच्या तोंडापासून लांब. नांगरानं, आणि त्याहून जास्त रोटरनं, ते रवे फुटतात. हवा आत जाते, जिवाणू ताव मारतात आणि त्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रोटर मारल्यावर रान कसं रव्याच्या लाडवासारखं भुसभुशीत दिसतं, बघून बरं वाटतं. मलाही वाटतं. पण पहिल्याच मोठ्या पावसात किंवा पाण्यात ते थापटून बसतं आणि खाली रोटरच्या पात्यांच्या पातळीला घट्ट थर तयार होतो. मग तो थर फोडायला सबसॉयलर आणायचा. त्याचं डिझेल आणखी वेगळं.

कर्ब घटण्याला एकटी मशागत जबाबदार नाही, हेही सांगायला हवं. शेणखत कमी झालं, पाचट पेटवलं, एकाच पिकामागं तेच पीक घेतलं, पाण्याचा मारा केला. मशागत त्यातलं एक कारण आहे, पण तिच्यावर आपला हात चालतो.

आता दुसरी अदृश्य गोष्ट, आणि मला विचाराल तर कृष्णाकाठासाठी ही सगळ्यात मोठी. नायट्रस ऑक्साइड. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे. तो आपल्या नत्र खतातून तयार होतो. युरियाचं ४५ किलोचं पोतं घ्या. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. जागतिक हिशेबात साधारण धरतात की घातलेल्या नत्रातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? मांडून बघा. वायू होतो सव्वातीनशे ग्रॅम. त्याला २७३ नं गुणलं की ८९ किलो.

ऐंशी आठवतंय? अख्ख्या एकराच्या पूर्वमशागतीचं डिझेल ८० किलो, आणि एका पोत्याचा नायट्रस ऑक्साइड ८९ किलो. युरिया मातीत विरघळताना त्यातूनच सुटणारा कार्बन डायऑक्साइड आणखी ३३ किलो, तो यात धरलेला नाही. कारखान्यात युरिया बनवतानाचं तर बाजूलाच ठेवू. आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. हे सगळं नत्र मोजलं की नायट्रस ऑक्साइडची बेरीज सातशे किलोच्या आसपास जाते, अडीचशे लिटर डिझेलइतकी. आणि शिफारशीच्या वर दोन-चार पोती टाकणारे आपल्यात किती आहेत, ते तुम्हीच मोजा.

तुम्ही म्हणाल, हा खताचा विषय झाला, यंत्राचा कुठं? इथंच दोन्ही एकत्र येतात. तो एक टक्का ठरलेला नाही, तो मातीच्या अवस्थेवर कमी-जास्त होतो. मातीत पाणी साचलं आणि हवा संपली की काही जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरायला लागतात, आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. हवा कशानं संपते? माती दाबली गेल्यानं. उसानं भरलेल्या जोड ट्रॉल्या ओल्या रानातून ओढून काढल्या, हार्वेस्टर फिरवला, त्याच चाकोरीतून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या, की तिथं पाणी मुरत नाही. वरून युरिया हातानं विस्कटून टाकला आणि पाटानं सरी भरून पाणी सोडलं, की हा वायू तयार करायची सगळी सामग्री जमली. मिरज, वाळवा, पलूस भागात नदीकाठचं किती रान चिबड होऊन बसलंय, ते मी सांगायला नको. तिथं पीक तर जातंच, वर घातलेलं नत्रही असं उडून जातं. ते पैशाचंच नत्र आहे.

म्हणून आपल्या जुन्या माणसांचा एक शब्द मला फार मोलाचा वाटतो: वापसा. वापसा आल्याशिवाय रानात औत घालायचं नाही. आज ट्रॅक्टर भाड्याचा असतो, तो त्याच्या सवडीनं येतो, वापशाच्या नाही. ओल्यात घातला तर माती दाबते आणि मोठमोठी ढेकळं निघतात. मग ढेकळं फोडायला रोटरची जादा पाळी, म्हणजे जादा डिझेल. चार दिवस थांबण्यात जेवढं वाचतं तेवढं कुठलंही नवं यंत्र वाचवत नाही, असं माझं मत आहे.

पाचटाकडं येऊ. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र असतं, म्हणजे पेटवलं की पाऊण पोतं युरियाइतकं नत्र धुरात जातं, आणि तेच आपण पुढच्या महिन्यात सोसायटीतून विकत आणतो. आमच्याही रानात कित्येक वर्षं पाचट पेटवलंय. सरीतनं पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, मजूर आत शिरायला तयार होत नाहीत, ही कारणं खोटी नाहीत. माझे वडील अजून म्हणतात, "पेटवलं की रान कसं स्वच्छ दिसतं." मी त्यांच्याशी वाद घालत नाही, आता कुट्टी मशिन आणतो. बारीक झालेलं पाचट सरीत बसतं आणि पाणी पुढं जातं. त्या मशिनलाही डिझेल लागतं, पण ते सार्थकी लागतं. पाचट ठेवलं म्हणजे त्यातला सगळा कार्बन मातीत राहतो असं मात्र समजू नका. बहुतेक भाग वर्षा-दोन वर्षांत कुजून हवेतच जातो. थोडाच टिकतो. पण पेटवल्यावर तोही राहत नाही, शिवाय अर्धवट जळण्यातून मिथेन निघतो.

आणि आता ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना एक आनंदाची बातमी: तुम्ही विना नांगरणीची शेती आधीपासूनच करताय. खोडवा म्हणजे दुसरं काय? नांगर नाही, रोटर नाही, नवी सरी नाही. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या परिसरात जा, किंवा कृषी विद्यापीठाची शिफारस वाचा. खोडव्यात पाचट ठेवायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि खत पहारीनं भोक पाडून मुळाजवळ द्यायचं, फूटफूट अंतरावर, मग भोक मातीनं बुजवायचं. पहार! ट्रॅक्टरच्या जमान्यात पहार. पण युरिया मातीआड गेला की वरच्या वर अमोनिया होऊन उडणं कमी होतं आणि तेवढंच पीक कमी खतात निघायला मदत होते. मजुरी लागते, कबूल. ज्यांनी केलंय त्यांना विचारून बघा.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर तर लागणीतही नांगर नको असं अनेक वर्षं लिहीत आणि करत आलेत. नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी गादीवाफ्यांवरची विना नांगरणी पद्धत बसवली, एसआरटी नावानं ती ओळखली जाते. पण दुसरी बाजूही ऐका. २०१४ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड संस्थेतल्या डेव्हिड पॉवल्सन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की नांगरणी बंद केल्यानं कार्बन साठतो हा दावा फुगवलेला आहे. बऱ्याच वेळा कार्बन वाढत नाही, फक्त वरच्या थरात गोळा होतो आणि खालच्या थरात कमी होतो. आपण नमुना सहा इंचांपर्यंतचाच घेतला तर फसगत होते. आणि निचरा नसलेल्या भारी जमिनीत नांगरणी थांबवल्यावर सुरुवातीला नायट्रस ऑक्साइड वाढूही शकतो. म्हणून चिबड रानात पहिला खर्च निचऱ्याचा, चरांचा. नांगर सोडायचा विचार त्यानंतर.

जत, आटपाडी, माणच्या श्रोत्यांसाठी हिशेब जरा वेगळा आहे. तिथं नत्र कमी, जमीन उथळ, आणि मशागतीचा मुख्य हेतू पाऊस जिरवणं. तिथं उताराला आडवी हलकी पाळी ही गरज आहे, चैन नाही. शिवाय मोटरीचा वाटा बघा. पाच एचपीची मोटर तासभर चालली की चारेक युनिट वीज खाते. आपली वीज बहुतांश कोळशाची, त्यामुळं ते जवळजवळ एक लिटर डिझेल जाळल्यासारखंच होतं. फक्त धूर आपल्या बांधावर न निघता लांबच्या वीजकेंद्रात निघतो. ठिबकनं मोटरीचे तास कमी झाले की पाणी, वीज आणि तो नायट्रस ऑक्साइड, तिन्ही एकदम कमी होतात.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ट्रॅक्टर विकू नका. रोटरची एक पाळी कमी करा, वापशासाठी थांबा, ट्रॉलीला रानात एकच ठरलेली वाट द्या, आणि युरियाची दोन पोती कमी करून उरलेली मातीआड द्या. या दोन पोत्यांतूनच लागणीच्या मशागतीच्या दुपटीहून जास्त डिझेलचा हिशेब वसूल होतो.

आमच्या रानात यंदा अर्धा एकर खोडवा पहारीनं आणि अर्धा एकर वडिलांच्या पद्धतीनं चाललाय. दोन्हीचं वजन वेगळं करायचं ठरलंय. तोड झाली की काट्याच्या पावत्या घेऊनच पुढचा भाग करू. तोवर तुमच्या माती परीक्षणाच्या कागदावरचा सेंद्रिय कर्बाचा आकडा, जुना आणि नवा दोन्ही, गावाच्या नावासह पाठवा.