शेक संपले, आता थोडी घेतली तर?

घशाच्या कॅन्सरचे शेक, म्हणजे किरणोपचार, पुरे करून मुरुडला परतलेल्या माणसाला भेटायला येणारे पाहुणे आधी आवाजाची चौकशी करतात, मग जेवण जातंय का ते विचारतात. तिसरा प्रश्न त्या माणसाच्याच मनात असतो. रिपोर्ट चांगला आलाय, तर अधूनमधून थोडी घेतली तर चालतंय का? डॉक्टरांना हे विचारता येत नाही, कारण ओपीडीत शेजारी बायको नाहीतर पोरगा बसलेला असतो. मग उत्तर देतो तो बरोबर बसणारा मित्र. ते काय असणार, हे सांगायला नको.

वैद्यकशास्त्राचं उत्तर ‘नको’ असंच आहे. पण पहिल्या महिन्यातल्या ‘नको’चं कारण वेगळं आणि पाच वर्षांनंतरच्या ‘नको’चं वेगळं. ही कारणं सांगितली जात नाहीत, नुसता धाक घातला जातो. धाक सणापर्यंत टिकतो.

मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं गाव. त्यामुळं इथल्या पेशंटला लातूर जवळ आणि बार्शीही आवाक्यातली. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली बार्शीतच सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. खेड्यातला माणूस आपणहून तपासायला येत नाही, म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणं समजावत आणि रुग्ण शोधत. बाकीचे परळला टाटा हॉस्पिटल गाठतात आणि जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करतात. ज्या बाबांनी उभी हयात कीर्तनातून दारूविरुद्ध सांगितलं, त्यांच्या छायेत राहून कितीतरी जणांनी शेक घेतलेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळं खर्चाचा भार बराच हलका होतो, पण सहा-सात आठवडे घर सोडून राहावं लागतं ते लागतंच.

इतके दिवस का, तर किरणांची एकूण मात्रा 66 ते 70 ग्रेच्या (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) घरात न्यायची असते आणि ती रोज साधारण 2 ग्रे अशी, आठवड्यातून पाच दिवस देतात. दोन शेकांमधल्या वेळात निरोगी पेशी आपली मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. 1920च्या दशकात पॅरिसमध्ये आंरी कुतार या डॉक्टरनं हे तुकड्या-तुकड्यांनी किरण देण्याचं तंत्र यशस्वी करून दाखवलं, तेही घशाच्याच कॅन्सरवर.

मात्र निरोगी पेशींची दुरुस्ती पूर्ण होत नाही. सगळ्यात मोठा फटका बसतो लाळेला. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि त्याची त्याला दखलही नसते. कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथींवर सरासरी 26 ग्रेपेक्षा जास्त मात्रा पडली, तर त्या बहुधा पूर्ववत होत नाहीत. ग्रंथींना शक्य तितकं वाचवणारं आयएमआरटी हे तंत्र आता आलंय. त्यानं कोरडेपणा कमी होतो हे ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं, टाटा हॉस्पिटलच्या चाचणीतही दिसलं. कमी होतो, संपत नाही. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करल्याशिवाय घशाखाली उतरत नाही, ती यामुळंच.

लाळ नसली की दारू थेट भिडते. शेकांच्या शेवटी-शेवटी तोंड आलेलं असतं, आतली कातडी सोललेली असते. ती भरून यायला कित्येक आठवडे लागतात. त्या काळात देशी असो वा विलायती, आगच होते आणि जखम रेंगाळते. पुढं आग थांबते, त्वचा मात्र पातळ आणि कोरडीच राहते. लाळेअभावी दात किडतात, आणि शेक लागलेल्या जबड्यातला दात काढायची वेळ आली तर हाड सडण्याची भीती असते. म्हणूनच शेकाआधी दातांच्या डॉक्टरांकडं पाठवतात.

याहून गंभीर गोष्ट गिळण्याची आहे. किरणांमुळं घशाचे स्नायू हळूहळू ताठरतात, कधी कधी काही वर्षांनी. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जायला लागतं. एरवी ठसका लागतो आणि माणूस वाचतो. प्यायल्यावर तो ठसकाच मंदावतो. मग अन्न फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कॅन्सर बरा झालेला माणूस अशानं दगावू शकतो.

आता पाच वर्षांनंतरचं ‘नको’. दारूतल्या इथेनॉलचं शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशीतल्या डीएनएला इजा करतं. हे काम यकृतात होतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. तोंडातले जंतूही ते करतात, त्यामुळं लाळेतलं त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1988 सालीच दारूला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्यात ब्रँडचा भेद नाही. ‘बिअर चालते’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि ज्याला एकदा घशाचा कॅन्सर झाला, त्याचा बाकीचा घसा स्वच्छ असतो असं नाही. 1953 साली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी गाठीभोवतीची, वरून धड दिसणारी त्वचा तपासली, तर तिच्यातही बिघाड सापडले. वर्षानुवर्षं तंबाखू आणि दारूनं सगळंच आवार भिजलेलं असतं. वावरातली हरळी एका ठिकाणी खणून काढली तरी मुळ्या बांधापर्यंत गेलेल्या असतात, तसं हे आहे. म्हणून या रुग्णांत पहिली गाठ बरी झाल्यावरही दुसरीकडं, तोंडात, अन्ननलिकेत किंवा फुप्फुसात, नवा कॅन्सर उगवण्याचा धोका वर्षानुवर्षं राहतो. दारू चालू ठेवणं म्हणजे त्याच आवाराला पुन्हा पाणी देणं.

लग्नात घेतलेल्या एका पेगनं कॅन्सर परत येतो, असं कोणताच अभ्यास सांगत नाही. धोका प्रमाणावर आणि सवयीवर वाढतो. पण ज्याचं पिणं घशाच्या गाठीपर्यंत पोचलं, तो एका पेगवर थांबणारा होता का, याचं उत्तर त्याचं त्यालाच माहीत असतं. सोडून फायदा होतो का? जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच संशोधन संस्थेनं 2023 साली पुरावे तपासले. तोंड आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका सोडल्यानं कमी होतो याला पुरेसा पुरावा सापडला, स्वरयंत्राबाबत मर्यादित. ग्लासाबरोबर तंबाखू किंवा बिडी हातात आली, तर मात्र हिशेब सरळ बेरजेचा राहत नाही. दोघांचे धोके एकमेकांना गुणतात. शेक चालू असताना ओढत राहणाऱ्यांवर उपचारच कमी लागू पडले, असं कॅनडातल्या एका अभ्यासात 1993 साली दिसलं होतं.

एक गोष्ट मात्र घरच्यांना बजावून सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असा प्रकार होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. शेकासाठी परगावी गेलेल्या, नातेवाइकांच्या नजरेखालच्या माणसाची दारू अशीच अचानक तुटते. म्हणून किती, कोणती आणि शेवटची कधी, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळायला हवं. बायकोसमोर सांगायची लाज वाटत असेल, तर तिला औषधाच्या रांगेत पाठवून सांगावं. दारू सोडवताना द्यायची औषधं आणि थायमिनसारखी जीवनसत्त्वं तयार असतात.

शेक संपल्यावर महिनोन्‌महिने जाणवणारा थकवाही पुन्हा बाटलीकडं नेतो. ‘अंगात ताकदच नाही, जरा घेतली की बरं वाटतं.’ या थकव्याचं एक कारण रक्ताच्या तपासणीत सापडतं: मानेवर किरण पडल्यानं अनेकांची थायरॉइड ग्रंथी मंदावते. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच तपासावं, ग्रंथीचं काम कमी पडत असेल तर रोजची एक गोळी पुरते.

राहिली न ओळखता पोटात जाणारी दारू. माउथवॉश, खोकल्याची काही औषधं आणि ताकद यावी म्हणून आणलेली द्राक्षासवासारखी आसवं-अरिष्टं, यांत मद्यार्क असतो. बाटलीवर त्याचं प्रमाण बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मेडिकलवाल्याला वाचून दाखवायला सांगावं. कोरड्या तोंडासाठी मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या चांगल्या, आणि त्यांना पैसेही पडत नाहीत.