आरोप नाही, खटला नाही, तरी कैद

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तालमीच्या भिंतीपासून मंडळाच्या फलकापर्यंत शिवाजी महाराज भेटतात. त्याच घराण्याच्या गादीवर बसलेले चौथे शिवाजी मात्र पुष्कळांना ठाऊक नसतात. या तरुण राजाला इंग्रजांनी वेडसर ठरवून बंदोबस्तात ठेवले. महाराजांचा छळ होतो, अशा आशयाचा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापला, ठपका दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पुराव्याची पत्रे बनावट निघाली आणि १८८२ मध्ये संपादक टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबरला, अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन महाराज वारले. कोंडलेल्या माणसाची बाजू कोर्टापुढे येणारच नसेल, तर खरे-खोटे निवडायचे कुणी?

हाच प्रश्न १८९७ मध्ये पुण्यात पुन्हा उभा राहिला. प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. सहा युरोपियन ज्युरर विरुद्ध, तीन हिंदी बाजूने. शिक्षा अठरा महिने. अन्याय खराच, पण आरोप लेखी होता, वकील होता. त्याच सुमारास पुण्याचे सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू यांना उचलले ते १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली. मुंबई इलाख्याच्या या कायद्यात सरकारला राज्यरक्षणाचे कारण पुरे होते. आरोप ठेवायला नको, खटला चालवायला नको. गुन्हा असेल तर खटला भरा, नाहीतर सोडा, ही मागणी अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनापर्यंत गेली. नातू बंधू १८९९ मध्ये सुटले. आरोप शेवटपर्यंत ठेवला गेला नाही.

१९१९ च्या रौलट कायद्याने खटल्याविना कैदेचा हा अधिकार पहिले महायुद्ध संपल्यावरही चालू ठेवला, तेव्हा देश पेटला. एप्रिल १९४३ मध्ये मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतील स्थानबद्धतेचा २६ वा नियम बेकायदा ठरवला. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो सावरून घेतला.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २२ व्या कलमाने स्थानबद्धाला कारणे कळवण्याची आणि तीन महिन्यांपुढे सल्लागार मंडळाची अट घातली. स्थानबद्धता मात्र ठेवली. नातूंना न मिळालेले कारण आज मागता येते. खटला आजही मागता येत नाही.