दैनंदिन परिसरातील सायकलीचे छायाचित्रण

प्रस्तावना

या पाठात आपण छायाचित्रणाची काही मूलभूत तत्त्वे एका साध्या वस्तूच्या आधारे शिकणार आहोत. ती वस्तू म्हणजे सायकल. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. तुम्ही लुधियानात शिकत असा, पाटण्यात असा किंवा सोलापुरात, वसतिगृहाच्या फाटकाबाहेर थोडे चालल्यावर एखादी सायकल दिसेलच. या सरावासाठी प्रवासखर्च लागत नाही, महागडा कॅमेराही लागत नाही. साधा मोबाईल पुरतो.

मात्र हा विषय वाटतो तितका सोपा नाही. रोज दिसणाऱ्या वस्तूकडे आपण नीट पाहत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांची सायकलीची छायाचित्रे बहुतेक वेळा एकसारखी येतात: रंगीत भिंतीला टेकलेली गंजकी सायकल, नाहीतर मावळत्या सूर्यापुढची काळी आकृती. ही छायाचित्रे दिसायला चांगली असतात. पण सायकल कोणाची, ती इथे का उभी आहे, तिच्यावर कोणते काम चालते, यातले काहीच त्यांतून कळत नाही.

या पाठाचे मुख्य विधान असे: वस्तू, जागा आणि वापर या तिन्ही गोष्टी वाचता आल्या, तरच रोजच्या सायकलीचे छायाचित्र माहिती देणारे ठरते. पुढील तंत्र याच विधानासाठी आहे.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
१. सायकलीचे निरीक्षण करून तिच्या वापराविषयी अनुमान काढणे.
२. उभ्या व चालत्या सायकलीसाठी कॅमेऱ्याची उंची, अंतर, प्रकाश व शटरचा वेग ठरवणे.
३. संमती आणि ओळ (छायाचित्राखालचा मजकूर) यांबाबत जबाबदारीने निर्णय घेणे.

१. आधी सायकल वाचा

कॅमेरा काढण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते पाहा. सायकलीवर तिच्या मालकाचे काम लिहिलेले असते. कॅरिअरला लोखंडी पट्ट्या जोडून तो रुंद केला असेल, तर त्यावर नेहमी जड माल जातो. दोन्ही बाजूंना आकडे असतील, तर तिथे बहुधा दुधाचे कॅन लटकतात. पुढच्या दांड्यावर छोटी सीट असेल, तर घरात लहान मूल आहे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असेल, तर दिवस पावसाचे आहेत आणि सायकल उघड्यावर उभी राहते. पेडलचे रबर झिजून लोखंड दिसू लागले असेल, तर सायकल जुनी असली तरी रोज चालते. सुरी-कात्रीला धार लावणाऱ्याची सायकल तर स्टँडवर चढवली की यंत्रच होते. पेडल मारले की धारेचे चाक फिरते, आणि सायकल जागची हलत नाही.

सायकलीचा प्रकारही बोलतो. उंच, काळी, तारेऐवजी सळईचे ब्रेक असलेली सायकल म्हणजे ओझे वाहणारी जुनी जात. आडवा दांडा नसलेली सायकल लुगडे, साडी किंवा स्कर्ट घालणाऱ्यांना बसता यावे म्हणून तशी घडवलेली. बिहारमध्ये २००६ साली नववीत शिकणाऱ्या मुलींना सायकल देण्याची सरकारी योजना सुरू झाली. पुढे इतर राज्यांतही अशा योजना आल्या. त्यामुळे शाळेच्या आवारात ओळीने उभ्या असलेल्या मुलींच्या सायकली दिसल्या, तर ते केवळ आकारांच्या पुनरावृत्तीचे दृश्य नसते. त्यामागे एखादे धोरण असू शकते. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवायला शिकल्या. हा इतिहास माहीत असलेला छायाचित्रकार खेड्यातल्या सायकलस्वार स्त्रीकडे नवल म्हणून पाहणार नाही.

२. वस्तू, जागा, वापर: एक उदाहरण

केरळमधील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातून पहिले अग्निबाण उड्डाण झाले. थुंबा केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक छायाचित्र तुम्ही नक्की पाहिले असेल: अग्निबाणाचा शंकूसारखा भाग सायकलीच्या कॅरिअरवर ठेवून दोन माणसे चालली आहेत. या चित्रातून शंकू वगळला, तर सायकल घेऊन चाललेली दोन माणसे उरतात. सायकल वगळली, तर यंत्राचा एक सुटा भाग उरतो. दोन्ही एकत्र आले म्हणून एका देशाच्या विज्ञानाची सुरुवात एका चौकटीत मावली.

हेच छायाचित्र कोणी गरिबीचा पुरावा म्हणून दाखवतो, तर कोणी जिद्दीचा. चित्र तेच, खालची ओळ वेगळी. ओळीचा विचार आपण भाग ६ मध्ये करू.

दुसरे उदाहरण फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे. १९३२ मध्ये फ्रान्समधील इएर या गावी त्यांनी वळणदार जिन्याच्या वरून खालच्या रस्त्याने जाणारा सायकलस्वार टिपला. तिथे सायकल अगदी लहान आणि अस्पष्ट आहे, तरीही सगळे चित्र तिच्यावर उभे आहे. जिना व रस्ता ही जागा आधी निवडलेली असेल, तर सायकल तिथून जाण्याची वाट पाहता येते. हा धडा तुमच्या गल्लीतही लागू पडतो.

३. उभी सायकल: उंची, अंतर, पार्श्वभूमी

उंची. मोठ्या सायकलीच्या चाकाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर असतो. म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर येतो. जवळ उभे राहून डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला, तर चाके लांबट दिसतात आणि सायकल जमिनीला चिकटल्यासारखी वाटते. गुडघ्यावर बसून कॅमेरा चाकाच्या मध्याइतका खाली आणला आणि अगदी बाजूने पाहिले, तर चाक गोल दिसते. दोन्ही उंचींना आपापला उपयोग आहे. कॅरिअरवरचा माल दाखवायचा असेल, तर वरून घ्या. सायकलीचा सांगाडा आणि तिची झीज दाखवायची असेल, तर खाली बसा.

अंतर. मोबाईलचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. फार जवळ गेलात, तर पुढचे चाक फुगून मोठे आणि मागचे बारीक दिसते. सायकलीची लांबी साधारण १.८ मीटर असते. साडेतीन मीटर मागे जा आणि दुप्पट झूमची सोय वापरा. आजूबाजूला थोडी जागा सोडून पूर्ण सायकल चौकटीत बसेल आणि तिची प्रमाणे बिघडणार नाहीत.

पार्श्वभूमी. सायकल म्हणजे बारीक नळ्या आणि त्याहून बारीक स्पोक. मागे झाडी, तारा किंवा दुकानाच्या पाट्या असतील, तर सायकल त्यांत हरवते. साधी भिंत, बंद शटर किंवा मोकळी जमीन मागे आली, की ती स्पष्ट दिसते. त्यासाठी सायकल हलवू नका; तुम्ही एक पाऊल बाजूला सरका. मोबाईलमधील पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय इथे फसवते. स्पोकांमधून दिसणारी भिंत कोणत्या भागात मोजायची, हे तिला कळत नाही आणि चाकाच्या कडा कापल्या जातात.

एक इशारा: पार्श्वभूमी इतकी साधी करू नका की जागाच नाहीशी होईल. रेशन दुकानाची पाटी, मंदिराची पायरी, कारखान्याचे फाटक यांपैकी एखादी खूण चौकटीच्या कडेला राहू द्या.

४. प्रकाश आणि सावली

काळी सायकल चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर असेल, तर कॅमेरा भिंतीचा प्रकाश मोजून सगळे चित्र गडद करतो. भिंत राखाडी होते आणि सायकलीचे तपशील बुडतात. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर सायकलीला स्पर्श करून प्रकाशाची पट्टी किंचित वाढवा. हँडलवर किंवा रिमवर ऊन चमकत असेल, तर ती चमक टळेपर्यंत जागा बदला. ढगाळ दिवशी ही अडचण येत नाही, म्हणून पावसाळ्यातील सकाळ तपशिलांसाठी उत्तम.

सावलीचे गणित सोपे आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सपाट जमिनीवर सावलीची लांबी वस्तूच्या उंचीइतकी असते. ऊन सायकलीच्या बरोबर बाजूने येत असेल, तर त्या वेळी जमिनीवरच्या चाकाची सावलीही गोल पडते. सूर्य ३० अंशांवर उतरला, की सावली सुमारे पावणेदोन पट होते आणि चाक लंबगोल दिसते. पहिल्या मजल्यावरून पाहिले, तर सायकल एक बारीक रेघ असते, पण तिची सावली पूर्ण सायकल काढून दाखवते.

५. चालती सायकल

ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे ४ मीटर अंतर कापते. शटर १/५०० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात ती सुमारे ८ मिलिमीटर सरकते आणि चित्र बऱ्यापैकी स्थिर येते. १/३० सेकंदात ती सुमारे १४ सेंटिमीटर सरकते आणि सायकल पुसट होते.

इथे चाकाचा एक गुणधर्म समजून घ्या. घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, तर सर्वांत वरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. म्हणून कॅमेरा स्थिर धरून मध्यम वेगाने घेतलेल्या छायाचित्रात खालचे स्पोक स्पष्ट आणि वरचे पुसट दिसतात. कॅमेरा सायकलीबरोबर फिरवत १/३० किंवा १/१५ सेकंदाला फोटो घेतला, तर माणूस आणि सांगाडा स्पष्ट येतात, मागचा रस्ता रेघांत ओढला जातो आणि सगळे स्पोक सारखेच पुसट होतात. सरावाने हे जमते. पहिल्या वीस प्रयत्नांत एक चांगला निघाला तरी पुरे. मोबाईलवर शटरचा वेग हाताने ठरवण्याची सोय लागेल. भर उन्हात तो इतका कमी करता येत नाही, म्हणून पहाट, सायंकाळ किंवा सावलीचा रस्ता निवडा.

कोणते तंत्र वापरायचे हे विषयावरून ठरवा. सायकलीवरचे ओझे महत्त्वाचे असेल, तर स्थिर चित्र घ्या. शाळेची घंटा व्हायच्या आत पोहोचण्याची घाई दाखवायची असेल, तर कॅमेरा फिरवा.

६. माणूस, संमती आणि ओळ

सायकल निर्जीव असली तरी ती कोणाची तरी असते. शक्य तिथे आधी विचारा. भाषा येत नसेल, तर कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मान हलवण्याची वाट पाहा, आणि नंतर फोटो दाखवा. चालत्या प्रसंगात आधी विचारणे जमत नाही. तिथे नंतर विचारा आणि नकार आला तर फोटो काढून टाका. लहान मुलांच्या बाबतीत गणवेशावरील शाळेचे नाव आणि मुलाचे नाव प्रसिद्ध करू नका.

आता एक कठीण उदाहरण. झारखंडच्या कोळसापट्ट्यात सायकलीवर दोनशे किलो किंवा त्याहूनही अधिक कोळशाची पोती लादून माणसे ती मैलोन्‌मैल ढकलत नेतात. पहाटेच्या धुक्यात आणि धुळीत हे दृश्य कॅमेऱ्याला फार देखणे दिसते, आणि इथेच छायाचित्रकाराची परीक्षा असते. एकच देखणे चित्र घेतले, तर कष्टाचे रूपांतर शोभेत होते. पोती बांधणे, चढावर ढकलणे, वाटेत दम घेणे, विक्री आणि दुरुस्ती अशी मालिका घेतली, तर ते काम म्हणून दिसते. शिवाय कायद्याच्या दृष्टीने हा व्यापार बहुतांशी बेकायदा ठरतो. तुम्ही चेहरा, गाव आणि तारीख एकत्र छापली, तर तुमच्या गुणांसाठी काढलेला फोटो त्या माणसाच्या पोटावर येऊ शकतो. अशा वेळी हात, पोती आणि मजबूत केलेली सायकल दाखवा, ठिकाण ढोबळ लिहा आणि पूर्ण नोंद स्वतःच्या वहीत ठेवा.

एरवी मात्र ओळ नेमकी हवी. ‘जीवनाचा प्रवास’ ही ओळ कोणत्याही सायकलीखाली बसते, म्हणून ती निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहा: ‘सकाळचे दूध घालून झाल्यावर चहाच्या टपरीबाहेर उभी केलेली सायकल, कॅन रिकामे आहेत. मिरज, ऑगस्ट, सकाळी ८.’ या ओळीत वस्तू, जागा आणि वापर तिन्ही आले.

नोंदीसाठी काढलेल्या छायाचित्रात सायकलीची जागा बदलू नका, तिच्यावरची पिशवी काढू नका, फुले ठेवू नका. मांडणीचा सराव करायचा असेल, तर स्वतःची सायकल वापरा आणि तसे ओळीत सांगा.

सारांश

सायकलीचे छायाचित्र काढण्यापूर्वी ती वाचावी लागते. कॅमेऱ्याची उंची व अंतर यांनी वस्तू नीट दिसते, पार्श्वभूमीने जागा कळते, आणि ओझे, झीज, गती यांनी वापर कळतो. शटरचा वेग हा अर्थाचाही निर्णय असतो. संमती आणि ओळ हे छायाचित्राचेच भाग आहेत. आज काढलेले साधे, नीट नोंदवलेले छायाचित्र पन्नास वर्षांनी तुमच्या गल्लीतील कामधंद्यांचा पुरावा ठरू शकते.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील एक उभी सायकल निवडा. फोटो न काढता तिच्याविषयी दहा निरीक्षणे लिहा आणि नंतर मालकाशी बोलून ती तपासा.
२. त्याच सायकलीची डोळ्यांच्या उंचीवरून आणि चाकाच्या मध्याच्या उंचीवरून छायाचित्रे घ्या. कोणत्या चित्रातून काय अधिक कळते, ते पाच ओळींत लिहा.
३. चालत्या सायकलीचे एक चित्र कॅमेरा स्थिर धरून व एक कॅमेरा फिरवून घ्या. दोन्हींतील स्पोकांची तुलना करून फरकाचे कारण सांगा.
४. सायकलीवर चालणारा एक व्यवसाय पाच छायाचित्रांत मांडा. प्रत्येकाखाली एक ओळ लिहा आणि कोणती माहिती मुद्दाम वगळली, का वगळली, हे वहीत नोंदवा.