भैयाची बायको

आम्ही नांदगाव पेठच्या बचत गटातल्या बाया. आजचा विषय आमच्याच चुकीतून निघाला, म्हणून आधी चूकच सांगतो.

गावाला लागून एमआयडीसी आहे. तिथं कामाला बाहेरच्या राज्यांतली माणसं येतात, गावात खोली घेऊन राहतात. त्यांच्यातल्या दोघी आमच्या गटात आल्या, एक बिहारची, एक उत्तर प्रदेशातली. आम्ही कच्च्या वहीत दोघींनाही लिहिलं, ‘भैयाची बायको’. पुढं एकीनं 500 रुपयांचा हप्ता भरला आणि तो दुसरीच्या नावावर चढला. भर बैठकीत आम्ही भरणारीलाच थकबाकीदार ठरवलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “दीदी, मेरा नाम भी तो है.”

आता हा ‘भैया’ शब्द पाहा. मूळ अर्थ भाऊ. आपल्या वऱ्हाडात तर लाडक्या पोराला घरोघरी भय्या म्हणतात. तोच शब्द फाटकाबाहेरच्या माणसाला लावला की तोंड वाकडं होतं. शब्द एकच, फरक फक्त आवाजात.

असे शब्द जुनेच आहेत. युरोपातून समुद्रावाटे आलेल्यांना आपले लोक टोपीकर म्हणत, कारण डोक्यावर टोपी. त्यातल्या पोर्तुगीजांना म्हणत फिरंगी. तो शब्द फ्रँक नावाच्या युरोपी लोकांवरून अरबी-फारसीतून इकडं आला. उत्तरेकडून शिपाईगिरीला, धंद्याला आलेली घरं ‘परदेशी’ झाली. पिढ्या गेल्या, बोली मराठी झाली, सणवार इथले झाले, पण आडनाव परदेशीच राहिलं. अशी घरं तुमच्याही ओळखीत असतील.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. स्पॅनिश भाषेत परक्याला ‘ग्रिंगो’ म्हणतात. मेक्सिकोत तो शब्द बहुतेक अमेरिकेच्या माणसाला लावतात. अमेरिकी सैन्याच्या हिरव्या कपड्यांवरून तो निघाला अशी गोष्ट सांगतात, पण ती खोटी. अमेरिका आणि मेक्सिकोची लढाई 1846 साली सुरू झाली, आणि हा शब्द त्याआधीच्या शतकातल्या स्पॅनिश कोशात आहे. जाणकार तो ‘ग्रिएगो’ म्हणजे ग्रीक या शब्दावरून आला असं मानतात. ज्याचं बोलणं कळत नाही, तो ग्रीक! खुद्द स्पेनमध्ये उन्हं खायला येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांना ‘गिरी’ म्हणतात. कधी थट्टेनं, कधी वैतागून.

बोलण्यावरून नाव पाडणं आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आमच्या गटातल्या एकीची लेक पुण्याला शिकायला गेली. पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून “काऊन वं?” निघालं. झालं, वसतिगृहात तिचं नाव ‘काऊन’ पडलं. पोरगी फोनवर मायशीसुद्धा जपून बोलायला लागली. तेव्हा आम्ही सगळ्याजणी किती चिडलो होतो! आणि त्याच महिन्यात वहीत ‘भैयाची बायको’ लिहीत होतो.

आणखी एक सांगतो, जरा लांबचं. 1742 पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. 1751 साली तह झाला तेव्हा ते थांबलं. त्या फौजेत बारगीर असत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरदाराकडून मिळे असा स्वार. बंगाली तोंडात त्याचं ‘बर्गी’ झालं. गावं लुटली, जाळली गेली, म्हणून तिकडच्या आया पोरांना निजवताना बर्गी आले म्हणून भीती घालू लागल्या. ते अंगाईगीत बंगालात आजही माहीत आहे. म्हणजे तिकडच्या पाळण्याजवळचा बागुलबुवा आपल्याकडचाच माणूस होता. हे ऐकलं तेव्हा आमच्यातली एक आजी म्हणाली, “अवं माय, आपुनबी कोणाचे तरी भैये हावो!”

आणि परप्रांत तरी कोणता म्हणायचा? 1950 ते 1956 आपला अमरावती जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. 1956 च्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात गेला, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. त्याच आजीचा जन्म 1952 चा. म्हणजे ती तीन राज्यांत राहिली, पण चूल काही हलली नाही. मद्रास राज्याचं नावही 1969 सालीच तमिळनाडू झालं, तरी इडलीच्या गाडीवाल्याला, मग तो केरळचा असो की आंध्रचा, आपण मद्रासीच म्हणतो.

कोणता शब्द वाईट याची यादी आम्ही केली नाही. माणूस समोर असताना तो शब्द त्याला हाक म्हणून देता येईल का, एवढं मात्र विचारून पाहिलं. ‘दीदी’ देता येतो. ‘भैयाची बायको’ कोणालाच देता आला नाही.

हप्त्याचा हिशेब पुढच्या बैठकीत दुरुस्त केला, चूक सगळ्यांसमोर वाचून दाखवली. नवी वही घेतली. दोघींची नावं त्यांनाच विचारून लिहिली, वडिलांच्या नावासकट. ती नावं इथं सांगत नाही, कारण रेडिओवर नको असं त्यांनीच सांगितलं. बिहारच्या मैत्रिणीनं वही हातात घेतली, स्वतःच्या नावातली एक वेलांटी चुकली होती ती पेनानं दुरुस्त केली, आणि मग सही केली.